पाण्याला विरजण

ऐका हो ऐका! तमाम रयतेस इत्तला देण्यात येते की, औरंगाबादेपासून वरंगळपर्यंत पसरलेल्या निजामसरकारच्या अवघ्या मुलखात सर्वांत उतावळा माणूस कोण, या अत्यंत गंभीर प्रश्नाचा निकाल लागलेला आहे. तो माणूस आदिलाबादेत राहत होता, त्याच्या घराची भिंत माझ्या घराला लागून होती, आणि मी त्याला डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कोणाला हरकत घ्यायची असेल तर त्याने आपल्या गल्लीतला उतावळा घेऊन यावं. तोवर आमचा जाऊन परत आलेला असेल.

चुटकी वाजवून बोलायची त्यांना सवय. आधी चुटकी वाजे, शब्द मागून धापा टाकत येत: "आटपा ना बापा!"

तहसील कचेरीत ते नाझर होते. नाझर म्हणजे कचेरीच्या चीजवस्तूंचा कारभारी. तंबू, सतरंज्या, कंदील, गाड्या, साहेबांच्या दौऱ्याचा सगळा फिरता संसार त्यांच्या ताब्यात. मी तिथेच अहलकार, म्हणजे साधा कारकून. त्यांचं नाव मी सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना नाझरसाहेब म्हणायचो, तेवढं तुम्हालाही पुरेल.

नेरडीगोंड्याच्या दौऱ्यातली गोष्ट. सकाळी मुक्काम हलवायचा होता. तहसीलदारसाहेब तंबूत दाढी करत होते. बाहेर चुटकी वाजली, खुंट्या उपटल्या गेल्या आणि तंबू साहेबांवर हळूच बसला. कापडाखालून आवाज आला, "नाझर!" नाझरसाहेब अदबीने वाकले आणि कापडाच्या त्या उंचवट्याला म्हणाले, "हुजूर, गाडियाँ तैयार हैं."

भैंशाला एका लग्नात मामांच्या ऐवजी अंतरपाट यांच्या हाती आला. कोणी दिला देव जाणे. भटजी मंगलाष्टकं रंगात येऊन म्हणत होते. अजून दोन कडवी बाकी असताना यांनी अंतरपाट खस्सकन ओढला. नवरानवरी एकमेकांकडे बघतच राहिली. भटजी थांबले, डोळे वटारले. हे म्हणाले, "त्याईले पाहू द्या ना. तुमी म्हनत राहा!"

तुमच्याही ओळखीत असं माणूस असेल. पंगतीत ताक यायच्या आत आपोष्णी घेऊन उठणारं, अढीतला आंबा दाबून दाबून नासवणारं. नाझरसाहेबांच्या घरी वहिनींनी वाफ्यात मेथी टाकली की हे दुसऱ्या दिवशी बोटाने माती उकरून बी काढून बघत. "कोंब नाही आला अजून!" शेवटी वहिनी मेथी आमच्या परसात लावू लागल्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे निदान तिले झोपू तर देतान."

आता जरा गंभीर होतो. फार वेळ नाही.

नाझरसाहेब डावा पाय ओढत चालायचे. ओढत असले तरी वेग आमच्या दोन्ही पायांहून जास्त. तो पाय नारूने नेला होता. आजच्या पोरांना नारू सांगावा लागतो. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरत, तेच पाणी पीत, आणि त्या पाण्यातून हा जंत पोटात जाई. पुढे कित्येक महिन्यांनी पायावर फोड उठे, फोड फुटे आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं एक टोक डोकावे. आत हातभर लांब जंत. तो ओढायचा नाही. ओढला की तुटतो, आत राहिलेला भाग सडतो, आणि पाय जातो. कधी माणूसही जातं. त्याला एका काडीला गुंडाळायचं आणि रोज एकच वेढा द्यायचा, तो जेवढा सुखासुखी येईल तेवढाच. हा आजार घरोघर होता आणि ती काडीही घरोघर होती.

नाझरसाहेबांच्या ऐन जवानीत त्यांना नारू झाला, तेव्हा त्यांनी काडी फेकून दिली आणि चुटकीत धरून तो ओढला. पुढचं सांगायला नको.

आणि मग एका उन्हाळ्यात वहिनींच्या घोट्यापाशी फोड आला.

वहिनी म्हणजे कोण होत्या ते सांगितलं पाहिजे. तांबडं फुटायच्या आत त्यांच्या घरातून भांडी घासण्याचा आवाज यायचा. रात्रीचं पाणी त्यांच्या घरात कधी सकाळ पाहत नसे. हंडे, कळशा, घागरी सगळं रोज उपडं व्हायचं, चिंच आणि राखेने घासलं जायचं आणि ताजं भरलं जायचं. शिळं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी पापच. त्यांची पितळी कळशी पाहून मी माझ्या बायकोला एकदा म्हणालो, "यात तोंड दिसतं." त्यानंतर दोन दिवस मला माझ्या घरात कोणाचंच तोंड दिसलं नाही.

अशी बाई अंथरुणाला खिळली. सरकारी दवाखान्यातला जर्राह, म्हणजे जखमा बांधणारा, रोज सकाळी येऊ लागला. पांढरी दाढी, कमी बोलणं. पायावर पाण्याची धार धरायचा, नारू सैल व्हायची वाट पाहायचा, काडीला एक वेढा द्यायचा आणि पट्टी बांधायचा. "बस. आज इतनाच."

नाझरसाहेब त्याच्या डोक्यावर उभे. "और थोडा निकलता क्या, देखो ना."

जर्राह मान वर न करता म्हणाला, "निकलता ना साब. तुमारा बी निकला था. आधा."

तो गेल्यावर वहिनींनी यांना जवळ बोलावलं. "हे पाहा, माहूरच्या आईची आन हाये तुमाले. मायी पट्टी सोडान तर."

"मी काऊन सोडतो?"

"मेथी काऊन उकरत होते?"

त्यांनी शपथ घेतली. पण शपथ तोंडाने घ्यायची असते आणि खाज हातांना असते. कचेरीतून ते दिवसातून कितीदा तरी घरी पळायचे. पलंगाभोवती घिरट्या घालायचे. पट्टीकडे हात गेला की वहिनी हातातला पंखा मारायच्या. आमच्या भिंतीपलीकडून फटके ऐकू यायचे. माझी बायको मोठ्या आनंदाने मोजायची.

त्याच सुमारास एका इंजिनियरसाहेबांची बदली झाली आणि त्यांच्या सामानाचा हर्राज, म्हणजे लिलाव, कचेरीच्या आवारात झाला. बोली पुकारणारे नाझरसाहेबच. खुर्च्या गेल्या, पलंग गेला, मग एक काचेची पेटी निघाली. लोखंडी चौकटीत बसवलेल्या चार काचा, तळाला शहाबादी फरशी. साहेब तिच्यात हैदराबादेहून आणलेले रंगीत मासे ठेवत. नाझरसाहेबांनी बोली पुकारली, स्वतःच लावली, स्वतःच वाढवली आणि एक-दोन न म्हणता थेट तीन म्हणून मोकळे झाले.

"तुया वयनीसाठी," ते मला म्हणाले. "दिवसभर आढ्याकडे पाहून राह्यली ते. काहीतरी हलतं पाह्यजे डोळ्यासमोर."

मी मनात म्हटलं, तुम्ही एवढे हलताय ते पुरत नाही काय?

संध्याकाळपर्यंत पेटी पलंगाशेजारी खिडकीत, ताज्या पाण्याने भरलेली. दुसऱ्या दिवशी जैनथच्या एका ओळखीच्या भोयाकडून पैनगंगेतले मासे आले, बोटाएवढे, अंगावर रुपेरी पट्टा असलेले. आमच्या गल्लीत लोक कांदासुद्धा दार लावून खायचे, तिथे भरदिवसा मासे! समोरच्या म्हाताऱ्या काकू उंबऱ्याबाहेरूनच ओरडल्या, "नाझरा, हे काय सुरू केलं बापा तू?"

"पाह्याले आनले काकू, पाह्याले!"

"आमच्याकडचे मांजरं बी आंधी पाह्यतेच," काकू म्हणाल्या आणि नाकाला पदर लावून गेल्या.

वहिनी मात्र हसल्या. आजारात पहिल्यांदाच. कुशीवर वळून त्या मासे बघत राहिल्या. नाझरसाहेबांनी ते हसू पाहिलं आणि चुटकी वाजवायला उचललेला हात तसाच खाली ठेवला.

सकाळी मासे उलटे तरंगत होते.

नवे मासे आले. वहिनींनी पलंगावरून हुकूम सोडले: पेटी राखेने घासा, शिळं पाणी फेका, तुरटी फिरवून ताजं भरा. नाझरसाहेबांनी इमानेइतबारे सगळं केलं. रोज पहाटे पेटी उपडी, रोज घासणं, रोज ताजं पाणी. काच अशी लखलखायची की आत पाणी आहे की नाही तेच कळू नये. मासे त्या स्वच्छतेत दिवस दोन दिवस तोंड उघडून वर यायचे आणि मग कुशीवर पडायचे. पुन्हा नवे आले, तेही गेले. घरात रोज कोणीतरी मरत होतं, आणि पलंगावरची बाई ते बघत होती. तिचं हसू तर गेलंच, वर ती एक दिवस हळूच म्हणाली, "या घरात जे पाय टाकते ते आडवंच होते."

नाझरसाहेब मागच्या दारी येऊन मला म्हणाले, "हे दोन राह्यले, धुगधुगी हाये. टाकून दे कोठी बी. तिच्यासमोर मरू नये." त्यांच्या तांब्यात दोन मासे धापा टाकत होते. मला फेकवेनात. गल्लीच्या तोंडाशी गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. आत हिरवं शेवाळ, तळाला गाळ, कडेला गोगलगायी. मी दोघांना त्या घाणीत सोडलं, रामराम म्हटलं आणि विसरलो.

पुढे एका सकाळी गाय पाणी पीत होती आणि तिच्या नाकासमोरून रुपेरी काहीतरी सळ्ळकन गेलं. मी वाकून पाहिलं. दोघेही! आणि नुसते जिवंत नव्हते, चांगले बाळसं धरलेले.

मी धावत वहिनींना सांगायला गेलो. नाझरसाहेब कचेरीत होते, म्हणून मला पूर्ण वाक्यं बोलता आली. वहिनींनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "डोन कोन घासते?"

"कोणीच नाही."

"पानी कोन बदलते?"

"कोणीच नाही वहिनी. वरून घालतात फक्त."

त्यांनी खिडकीतल्या लखलखीत पेटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आपल्या घासन्यानंच मेले की हो ते." आणि आयुष्यभर शिळं पाणी फेकत आलेल्या त्या बाईने हुकूम दिला: डोणीतले खडे आणा, शेवाळ आणा, थोडं पाणी आणा आणि पेटीत घाला. मासे अजून डोणीतच राहू द्या.

नाझरसाहेब आले, पेटीत गाळ पाहून किंचाळले, "हे काय? मासे नाहीत अन् घान कायले?"

"विरजन लावलं पान्याले," वहिनी म्हणाल्या. "दुधात विरजन घातल्यावर आपन काय करतो? झाकून ठेवतो. हालवतो का? आता हे पानी लागलं म्हंजे मासे."

"कधी लागते?"

"लागंन तवा लागंन."

पाहा बरं, माझ्याबरोबर नीट पाहा. एका खोलीत, एका पलंगाच्या दोन बाजूंना, घाई केली तर नासतील अशा दोन गोष्टी. इकडे काडीला गुंडाळलेला नारू, तिकडे विरजण लावलेलं पाणी. आणि दोन्हींच्या मध्ये निजामाच्या मुलखातला सर्वांत उतावळा माणूस, दोन्हींना हात लावायची बंदी असलेला.

पहिल्याने पाणी पांढुरकं झालं, तांदळाच्या धुवणासारखं. नाझरसाहेबांनी बादली उचलली. "नासलं! फेकतो."

"ठेवा ते खाली."

"अगं वास येऊन राह्यला!"

"दही लागताना येते वास. ठेवा."

वहिनी रोज भाताची चार शितं पाण्यात टाकायला सांगायच्या. माशांच्या आधी पाण्याला जेवू घाला म्हणायच्या. हे शास्त्र कुठून आणलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "विरजनाले दूध लागतेच ना भाऊजी, रिकाम्या गाडग्यात कोनतं दही लागते?"

खड्यांबरोबर डोणीतली एक गोगलगाय आली होती. ती काचेवर चढायची. नाझरसाहेब तिच्यासमोर उकिडवे बसून तिला हाकत असत. "चाल ना बापा! अरे चाल! आटप!" माझी बायको भिंतीपलीकडे तोंडात पदर कोंबून लोळायची. गोगलगाय मात्र कोणाच्या चुटकीला बांधील नव्हती. सरकारी नोकरीत असती तर आमच्या कचेरीत शोभली असती.

पांढुरकेपणा गेला. पाणी हळूहळू निवळलं, काचेच्या कडेला हिरवी झाक आली. वहिनींनी वास घेऊन पाहिला. "पावसाच्या तळ्यासारखा येते आता. तरी बी थांबा." मासे आपल्याच हाताने सोडायचे, आणि तेही स्वतःच्या पायावर उभं राहून, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे आता माशांचं भवितव्य नारूशी बांधलं गेलं होतं. इकडे काडी जाड होत चालली होती, पण जंत संपत नव्हता.

आणि मग ती दुपार आली.

जेवायला गेलेले नाझरसाहेब कचेरीत परतले नाहीत. साहेबांनी मला पिटाळलं. दार उघडंच होतं. वहिनींना ताप चढला होता, पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झाला होता. इतके दिवस सगळ्यांना थांबा थांबा म्हणणारी ती बाई उशीत डोकं घुसळत म्हणत होती, "ओढा हो. ओढून टाका एकदाचा. मले नाही सोसत आता."

नाझरसाहेब पायाशी होते. त्यांचा हात पट्टीवर होता. मी दारातच थिजलो. मला वाटलं, गेला. पाय गेला.

"ओढा ना! साऱ्या जन्माची घाई केली, आज काऊन नाही करत? मी आन सोडवली तुमाले. ओढा!"

आता तर शपथही राहिली नव्हती. त्यांची बोटं पट्टीच्या गाठीवर होती. ती बोटं मी कचेरीत इतकी वर्षं वाजताना ऐकली होती. मग त्यांनी तो हात पट्टीवरून उचलला, आपल्या धोतराचा सोगा वर केला आणि आपली डावी पोटरी तिच्यासमोर धरली. वाळलेल्या दोडक्यासारखी, आत ओढलेली, मधोमध खड्डा पडलेली.

"हे पाह्य," ते म्हणाले. "मले कोनी थांबवलं नोतं. मी नाही ओढत."

वहिनी रडू लागल्या. ते तिथेच, जमिनीवर, पलंगाला टेकून बसले. तिचा हात हातात घेतला. बरंच काही बोलावं असं त्यांना वाटत असावं, पण घाईने बोलणाऱ्या माणसाला हळू बोलायचे शब्द सापडत नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते पाह्य. गोगलगाय. मघा खाली होती. आता त्या कोपऱ्यापर्यंत गेली. वरपर्यंत जाते का पाहू."

आणि दोघं गोगलगायीकडे बघत राहिले. मी तसाच मागे फिरलो, दवाखान्यातून जर्राहाला तिकडे पाठवलं, आणि कचेरीत येऊन सांगितलं, "हुजूर, नाझरसाहब एक बहुत जरूरी काम में हैं." माझ्या नोकरीत मी साहेबांना इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

नाझरसाहेब जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वहिनीही गेल्या. मुलूख बदलला, कचेरीतली उर्दू गेली, पायऱ्यांच्या विहिरींवर झाकणं पडली. जुने सहकारी भेटले की तंबूची गोष्ट सांगून हसतात. मीही हसतो, मघाशी तुम्हालाही सांगितलीच. पण मला ते आठवतात ते एका निराळ्या सकाळचे.

ताप उतरून बरेच दिवस झाले होते. जर्राह आला, पाय पाहिला आणि म्हणाला, "आज पूरा आता दिखता. मगर पाँव हिलना नक्को. कोई पकडके बैठो."

नाझरसाहेब जमिनीवर मांडी घालून बसले आणि वहिनींची टाच त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. जर्राह पाण्याची धार धरी, थांबे, कणभर वेढा देई, पुन्हा धार. ऊन उंबऱ्यातून खोलीत आलं, खोलीतून भिंतीवर चढलं. मी डोणीतले दोन्ही मासे तांब्यात घेऊन दाराशी उभा होतो. समोरच्या काकूसुद्धा पदर नाकावरून काढून उंबऱ्याच्या आत आल्या होत्या. नाझरसाहेब हलले नाहीत. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्याशी लोंबत होता, तोही त्यांनी पुसला नाही.

मग जर्राहाने काडी उचलून उजेडात धरली. शेपटीचं टोक, बारीक, अख्खं. "निकल गया," तो म्हणाला. "साबूत."

त्याने जखम बांधली. वहिनी उठून बसल्या. एक पाय खाली टेकवला, मग दुसरा. भिंत धरून उभ्या राहिल्या. चेहरा वेदनेने आवळला होता आणि डोळे हसत होते. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो पेटीच्या पाण्यात अलगद तिरपा केला. एक मासा निघाला. दुसरा जरा घुटमळला आणि निघाला. तळाशी गेले, शेवाळात शिरले, बाहेर आले, आणि सावकाश, घरच्यासारखे, काचेच्या कडेकडेने फिरू लागले. काकूंनी हात जोडले. जर्राह वाकून बघत होता. मी बघत होतो. वहिनी तर श्वास घ्यायच्याही विसरल्या होत्या. इतकी शांतता त्या घरात मी कधी ऐकली नव्हती.

तेव्हा आमच्या पायांशी, जमिनीवरून, कळवळून आवाज आला:

"अरे, मासेच पाहून राह्यले का सारे? मले उठवा ना कोनीतरी, दोन्ही पाय मेले माये!"